हिरव्या कार्यालयांची वीस वर्षं

हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ मध्ये हरित इमारतींसाठीचं लीडचं प्लॅटिनम मानांकन मिळालं. अमेरिकेबाहेर ते मिळवणारी ही पहिलीच इमारत. वास्तुकार करण ग्रोव्हर यांनी तिथे जुन्या घरांचंच शहाणपण वापरलं: मधोमध चौक, भोवती खोल्या, भिंतींना जाळ्या. आतल्या सुमारे ९० टक्के जागेत दिवसा सूर्याचा उजेड पोचतो. इतक्या वर्षांनंतरही मला हाच धडा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो नकाशा काढतानाच गिरवावा लागतो.

पुढे भर यंत्रांवर गेला. त्यातला एक प्रयोग मात्र मनापासून दाद द्यावी असा. इन्फोसिसने २०११ मध्ये हैदराबादजवळच्या पोचारममध्ये एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीच्या पद्धतीचं, पण काटकसरीचं वातानुकूलन. दुसऱ्यात काँक्रीटच्या स्लॅबमधल्या नळ्यांतून फिरणारं गार पाणी. गारव्यासाठी दुसऱ्या भागाला सुमारे ३४ टक्के कमी वीज लागली. शेजारीशेजारी मोजल्यामुळे वादाला जागाच उरली नाही.

२०१४ मध्ये दिल्लीत ९३० किलोवॉट सौरऊर्जेचं इंदिरा पर्यावरण भवन उभं राहिलं. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर लावलेलेच येऊ लागले. एलईडी तर आता सांगावेही लागत नाहीत. कुंड्यांतली झाडं कार्यालयाची हवा शुद्ध करतात, हा मात्र मोठा गैरसमज. त्यासाठी दाखवला जाणारा नासाचा १९८९ चा अभ्यास बंद पेटीतल्या हवेचा होता. कार्यालयात झाडं जरूर ठेवावीत, पण खिडकी उघडण्याचं काम त्यांच्यावर सोपवू नये.

वीज अशी काटेकोर मोजली गेली. आतल्या सजावटीच्या आयुष्याचा हिशोब मात्र फारसा कुणी ठेवला नाही. भाड्याची मुदत संपली की जागा मूळ स्थितीत परत द्यावी, असं कलम अनेक करारांत असतं. मग धडधाकट फॉल्स सीलिंग, पार्टिशनं, गालिचे उचकटून राडारोड्यात जातात आणि नवा भाडेकरू तिथेच तेच पुन्हा बसवतो. २०१६ च्या राडारोडा नियमांचा रोख कचरा वेगळा करून नीट पोचवण्यावर होता. तोडफोड टाळण्यावर नव्हता. भुशाच्या बोर्डावर लॅमिनेट चिकटवलं की पुढे दोन्ही भंगारात. स्क्रूने जोडलेलं पार्टिशन उलगडून दुसऱ्या मजल्यावर उभं करता येतं. डिझायनरने पहिल्याच बैठकीत इथलं काय राहू द्यायचं ते विचारावं, आणि मालकाने ते कलम खोडून जुन्या सामानाची यादी नव्या भाडेकरूच्या हाती द्यावी.