एक लग्न, दोन न्यायालये

वसईतल्या कोणत्याही चर्चच्या कार्यालयात स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) जाडजूड नोंदवही असते. बाळाचे नाव, आईवडील, धर्ममातापिता, तारीख आणि शेजारी मोकळा समास. पुढे त्या बाळाचे लग्न वांद्र्याला होवो की मेलबर्नला, तिथल्या धर्मगुरूने मूळ धर्मग्रामाला कळवायचे आणि इथे त्या समासात नोंद करायची, असा चर्चचा नियम आहे. चर्चने विवाह अवैध ठरवला, तर तीही नोंद तिथेच होते. म्हणून लग्न ठरले की स्नानसंस्काराचा ताजा, सहा महिन्यांच्या आतला दाखला मागतात. जुन्या दाखल्यावर माणूस अविवाहितच दिसणार!

मग विचारपूस होते. धर्मगुरू वराला आणि वधूला वेगवेगळे बसवून शपथेवर विचारतात : लग्नाला कुणी भरीस घातले आहे का? मुले हवीत ना? एकमेकांपासून काही दडवले आहे का? हॉल, जेवण, बँड यांच्या गडबडीत घरच्यांना हा सोपस्कार वाटतो. उत्तरे दोन मिनिटांत उरकली जातात. माझ्या मते संपूर्ण लग्नविधीत याहून गंभीर वेळ दुसरी नाही. कॅथलिक श्रद्धेनुसार विवाह घडतो तो दोघांच्या मोकळ्या संमतीने, आणि ती संमती खरी असेल तर तो बंध मृत्यूखेरीज कशानेही सुटत नाही.

लग्न मोडल्यावर कॅथलिक कुटुंबाला दोन दारे ठोठावावी लागतात. पहिले दार सरकारी न्यायालयाचे. 1869च्या भारतीय घटस्फोट कायद्यात नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होई. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मारहाण सोसणाऱ्या बाईला केवळ मारहाणीच्या आधारे घटस्फोट मिळत नसे. जिल्हा न्यायालयाने निकाल दिला तरी उच्च न्यायालयाने तो कायम करावा लागे. केरळ उच्च न्यायालयाने 1995मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997मध्ये बायकोवरची ही विषम अट रद्द केली. संसदेने 2001मध्ये कायदा सुधारला, तेव्हा कुठे ख्रिस्ती जोडप्यांना त्या कायद्यात परस्पर संमतीने घटस्फोटाची वाट मिळाली. एकशे बत्तीस वर्षे! या काळात किती बाया निमूट माहेरी बसून राहिल्या असतील, याची नोंद कुठल्याही समासात नाही. (गोव्यातली व्यवस्था वेगळी, तिथे पोर्तुगीज काळातल्या नागरी कायद्याची परंपरा चालत आली आहे.)

दुसरे दार चर्चच्या न्यायासनाचे. ते घटस्फोट देत नाही. लग्नाच्या दिवशी खरा विवाहबंध घडला होता का, एवढेच ते तपासते. जबरदस्ती, फसवणूक, संसाराची जबाबदारी पेलण्याची मानसिक अक्षमता अशी कारणे पुराव्यानिशी मांडावी लागतात. विवाह वैधच आहे, ही बाजू मांडायला खास अधिकारी नेमलेला असतो. पूर्वी अशा प्रकरणात एकसारखे दोन निर्णय लागत. पोप फ्रान्सिस यांनी 2015मध्ये ही अट काढली, उघड प्रकरणांत खुद्द बिशपांनी लवकर निवाडा करण्याची सोय केली आणि शक्य तिथे हे काम विनामूल्य व्हावे असे सांगितले.

एका दाराचा निकाल दुसरीकडे चालत नाही. चर्चने विवाह अवैध ठरवला म्हणून सरकारी कायद्याने लग्न संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996मध्ये स्पष्ट केले. चर्चच्या निर्णयांना कायदेशीर मान्यता मागणारी याचिकाही 2017मध्ये फेटाळली. केवळ चर्चच्या निर्णयाच्या भरवशावर कुणी पुन्हा बोहल्यावर चढला, तर तो द्विविवाहाच्या गुन्ह्यात अडकू शकतो. उलट केवळ सरकारी घटस्फोट घेतलेल्याला चर्चमध्ये दुसरे लग्न करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाची भूमिका मला योग्य वाटते. नागरिकाचे हक्क धर्मपीठाच्या हाती असू नयेत.

माझी तक्रार आपल्या समाजाबद्दल आहे. घटस्फोट झाला की त्या बाईला कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) बंद, असे वसईत अजूनही कित्येक जण ठामपणे सांगतात. हे चर्चचे म्हणणे नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981च्या कुटुंबविषयक पत्रातच लिहिले आहे की, घटस्फोट होऊनही दुसरे लग्न न केलेल्या व्यक्तीला संस्कार घेण्यास अडथळा नाही. वाद आहे तो पहिला विवाह अवैध न ठरता सरकारी पद्धतीने पुन्हा लग्न केलेल्यांबद्दल. पोप फ्रान्सिस यांच्या 2016च्या कुटुंबविषयक पत्रातल्या आठव्या प्रकरणावर, त्यातल्या एका तळटीपेवर, कार्डिनल मंडळींतही तीव्र मतभेद झाले. पण अशांनाही चर्चबाहेर काढलेले नाही, त्यांना सोबत करा, हे दोन्ही पोपांनी सांगितले आहे.

विवाह अतूट आहे, ही शिकवण मला मोलाची वाटते. नातेसंबंध झटकन सोडून देण्याच्या आजच्या काळात तर अधिकच. पण ज्या बाईने ती शिकवण मनापासून पाळली, मार खाऊन शेवटी घर सोडले आणि नंतर एकटीने मुले वाढवली, तिच्याकडे रविवारी मिस्सात माना वळतात. श्रद्धेच्या नावाने चाललेली ही क्रूरता थांबली पाहिजे. धर्मग्रामांनी विवाहपूर्व शिबिरांइतकीच शक्ती मोडलेल्या संसारांसाठी लावावी. न्यायासनाकडे जायचे कसे, कागद कोणते, कुणाला भेटायचे, हे सोप्या मराठीत चर्चच्या फलकावर लावा. आणि दुसरे लग्न न केलेली घटस्फोटित व्यक्ती कम्युनियन घेऊ शकते, हे वर्षातून एकदा तरी वेदीवरून सर्वांना ऐकू जाईल असे सांगा.