आठ वर्षं, एकच मदरबोर्ड

आमच्या तलमडुगु गावात पीसी जुळवायचा तर भावाआधी अंतर मोजावं लागतं. सुटे भाग आणायचे ते सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून, सुमारे 300 किलोमीटरवरून; नाहीतर नागपूरच्या सीताबर्डीतून, सुमारे 200 किलोमीटरवरून. एखादा भाग बिघडला की वॉरंटी असूनही गाडीभाडं जातं आणि काम अडतं ते वेगळंच. शहरात जे स्वस्त पडतं ते इथे पडेलच असं नाही. 2018 पासूनचा हिशेब मांडताना हे पुन्हा पुन्हा दिसतं.

त्या वर्षी मुहूर्त बरा लागला. 2017च्या सुरुवातीला इंटेलच्या घरगुती आय-सेव्हनलाही चारच कोर असायचे. मार्चमध्ये एएमडीचं रायझन आलं आणि मधल्या किमतीत सहा कोर मिळू लागले. आमची कामं हौशीच: दिवाळीतल्या दंडारी नाचाच्या चित्रीकरणाचं एडिटिंग आणि ब्लेंडरमधलं रेंडरिंग. दोन्हींना कोर हवेतच. रायझन 5 2600 आणि बी450 बोर्ड घेतला. बोर्डाची खरी किंमत पुढे कळली. इंटेलच्या आठव्या, दहाव्या आणि बाराव्या पिढीसाठी दर वेळी नवा बोर्ड लागला. एएमडीचं एएम4 सॉकेट टिकलं. 2022मध्ये आलेला आठ कोरांचा 5700एक्स बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर बसला.

एसएमपीएसने वेग वाढत नाही, म्हणून काटछाट पहिली तिथेच होते. पण इथे व्होल्टेज वरखाली होतं, उन्हाळा कडक असतो आणि हलका एसएमपीएस जाताना बोर्डालाही घेऊन जातो. 80 प्लसचा शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगतो. आम्ही पाच वर्षांची वॉरंटी पाहून घेतला, जोडीला यूपीएस.

बाकी सगळं थांबून घेतलं. 2018मध्ये रॅम महाग होती. 8 जीबीची एकच पट्टी लावली. एका पट्टीवर वेग थोडा मार खातो, तो सोसला आणि 2019मध्ये भाव उतरल्यावर रिकामे स्लॉट भरले. मॉनिटर जानेवारी 2019मध्ये घेतला, कारण 1 तारखेपासून 32 इंचांपर्यंतच्या मॉनिटरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. 2600मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे जीटी 710सारख्या साध्या कार्डावर भागवलं. 2021मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे कार्डांचे भाव भडकले होते. 15 सप्टेंबर 2022ला इथेरियमने कार्डांवरचं मायनिंग बंद केलं, तेव्हा बाजारात वापरलेली कार्डं भरपूर आली. पण त्यांच्या वॉरंटीचा भरवसा नव्हता, म्हणून उतरल्या भावातलं नवंच घेतलं.

2025च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून रॅम पुन्हा महागली. मायक्रॉनने तर क्रुशल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. डीडीआर5 बोर्डावर जाण्याचा बेत त्यामुळे आम्ही पुढे ढकलला. गावात नव्याने जुळवणाऱ्याला आमचं सांगणं एवढंच: बोर्ड आणि एसएमपीएस पहिल्याच फेरीत चांगले घ्या, रॅमचे स्लॉट मोकळे ठेवा आणि कार्ड काम अडेल तेव्हाच आणा.