रायफलवरील दुर्बीण : किफायतशीर निवडीमागचे प्रकाशशास्त्र

प्रस्तावना

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार काही मोजके अपवाद सोडल्यास वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. अमेरिकेत मात्र परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात हरणांची शिकार करता येते. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन यांसारख्या राज्यांच्या दाट झाडीत पांढऱ्या शेपटीचे हरीण बहुधा शंभर मीटरच्या आतच दृष्टीस पडते, आणि तेही पहाटे किंवा संध्याकाळच्या संधिप्रकाशात. हृदय व फुप्फुसे असलेला त्याच्या शरीराचा भाग साधारण २० सेंमी व्यासाचा असतो. गोळी तेथे न लागता पोटात किंवा पायात लागली, तर जखमी हरीण अंधारात दूर निघून जाते आणि कुठेतरी तडफडत मरते. त्यामुळे दुर्बीण स्वस्त असावी, पण बेभरवशाची नसावी.

बाजारात जास्त विवर्धन आणि मोठे भिंग यांचीच जाहिरात अधिक होते. या कामाला त्यांची गरज किती, हे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रकाशशास्त्रातून तपासता येते. या पाठात आपण तेच करू.

१. रचना आणि आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला वस्तुभिंग आणि डोळ्याच्या बाजूला नेत्रिका असते. केप्लर पद्धतीच्या या रचनेत प्रतिमा उलटी दिसते. ती सुलटी करण्यासाठी मध्ये आणखी भिंगे एका छोट्या नळीत बसवलेली असतात. नेम धरण्याची फुली प्रतिमेच्या प्रतलात असते.

‘३-९×४०’ याचा अर्थ असा : विवर्धन ३ ते ९ पट बदलता येते आणि वस्तुभिंगाचा व्यास ४० मिमी आहे. ‘४×३२’ म्हणजे विवर्धन कायम ४ पट आणि भिंग ३२ मिमी.

२. विवर्धन किती हवे?

निरोगी डोळा सुमारे १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील दोन बिंदू वेगळे ओळखतो. १०० मीटरवर हे अंतर सुमारे २.९ सेंमी होते. चार पट विवर्धनाने तेच सुमारे ७ मिमीवर येते. लक्ष्य २० सेंमीचे असताना एवढी बारकाई पुरेशी आहे.

विवर्धन वाढवले की दृष्टिक्षेत्र आक्रसते. ३ पटीवर शंभर मीटरवरचा साधारण १० मीटर रुंदीचा भाग दिसतो, तर ९ पटीवर जेमतेम ४ मीटरचा. झाडीतून चालणारे हरीण अशा अरुंद चौकटीत शोधणे कठीण जाते. शिवाय हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसतो.

३. संधिप्रकाशात किती उजेड मिळतो?

नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास असा काढतात :

झोताचा व्यास = वस्तुभिंगाचा व्यास ÷ विवर्धन

अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिमीपर्यंत उघडते. वयाबरोबर ही मर्यादा कमी होत जाते.

उदाहरण : ४० मिमीच्या भिंगाला ९ पटीवर ४.४ मिमीचा झोत मिळतो. क्षेत्रफळाच्या प्रमाणात पाहिल्यास ७ मिमीच्या बाहुलीला मिळू शकणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे ४० टक्केच प्रकाश डोळ्यात जातो. त्याच दुर्बिणीचे विवर्धन ६ पटीवर आणले की झोत ६.७ मिमीचा होतो आणि ही उणीव जवळजवळ भरून निघते. साध्या ४×३२ मध्ये तर झोत ८ मिमीचा असतो.

म्हणजे ५० मिमीच्या महाग व जड भिंगापेक्षा विवर्धन कमी करणारी कडी फिरवणे हा फुकटचा उपाय आहे. नळी १ इंचाऐवजी ३० मिमीची घेतली म्हणूनही प्रतिमा उजळ होत नाही. जाड नळीमुळे मुख्यतः नेम जुळवण्याला अधिक वाव मिळतो.

४. काचेवरील लेप

लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले, तर ०.९६ चा दहावा घात ०.६६ येतो. म्हणजे एक तृतीयांश प्रकाश वाटेतच जातो, आणि त्यातला काही आत इकडेतिकडे पसरून प्रतिमा धुरकट करतो. बहुस्तरीय लेपाने परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आले, तर ९५ टक्के प्रकाश पार होतो. म्हणून सर्व पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप असलेली लहान दुर्बीण ही अर्धवट लेपाच्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा बरी.

५. पराशय

डोळा मध्यापासून सरकला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. यालाच पराशय किंवा पॅरलॅक्स म्हणतात. मोठ्या रायफलींच्या साध्या दुर्बिणी बहुधा १०० किंवा १५० यार्डांवर पराशयमुक्त केलेल्या असतात. १०० यार्डांवर जुळवलेली ४० मिमीची दुर्बीण २०० यार्डांवर वापरली आणि डोळा अगदी कडेला गेला, तरी चूक जास्तीत जास्त २० मिमी होते. लक्ष्याच्या मध्यापासून १० सेंमीची मुभा असताना, पराशय जुळवणाऱ्या वेगळ्या चकतीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

६. पैसे कुठे वाचवू नयेत?

स्वस्त दुर्बीण दगा देते ती मुख्यतः यंत्रणेत. प्रत्येक गोळीच्या धक्क्याने आतली नळी स्प्रिंगांवर हादरते. स्प्रिंग कमकुवत असेल तर जुळवलेला नेम हळूहळू सरकतो, आणि दुर्बिणीतून पाहून हे कळत नाही. म्हणून पुढील गोष्टी तपासाव्यात.

चौकोन चाचणी : नेम जुळवण्याच्या चकतीचा एक टप्पा बहुधा पाव कलेचा असतो. १०० मीटरवर तो सुमारे ७.३ मिमी भरतो. शूटिंग रेंजवर सर्व गोळ्या एकाच खुणेवर नेम धरून झाडाव्यात. आधी एक गोळी, मग ४० टप्पे वर, ४० उजवीकडे, ४० खाली आणि ४० डावीकडे, प्रत्येक बदलानंतर एक. छिद्रांचा साधारण २९ सेंमी बाजूचा चौकोन तयार व्हावा आणि शेवटची गोळी पहिलीच्या जवळ लागावी.

डोळ्याचे अंतर : पूर्ण दृश्य दिसताना डोळा नेत्रिकेपासून साधारण ९ सेंमी दूर राहायला हवा. अंतर कमी असेल तर धक्क्याने नेत्रिकेची कड भुवईवर आपटते.

ओलावा : नळी नायट्रोजन भरून बंद केलेली असावी, म्हणजे थंडीत आतून बाष्प धरत नाही.

कड्या : दुर्बीण रायफलवर धरून ठेवणाऱ्या कड्या व पट्टी ढिली असेल, तर उत्तम दुर्बीणही निरुपयोगी ठरते. अंदाजपत्रकात त्यांचा खर्च आधीच धरावा.

सारांश

शंभर-दीडशे मीटरच्या आतील शिकारीसाठी ४×३२ किंवा ३-९×४०, पूर्ण बहुस्तरीय लेप, पुरेसे डोळ्याचे अंतर आणि नेम टिकवणारी यंत्रणा एवढे पुरेसे आहे. खरेदीचा क्रम असा ठेवावा : आधी यंत्रणा व कड्या, मग लेप, मग भिंगाचा आकार आणि सर्वांत शेवटी विवर्धन.

स्वाध्याय

१. २-७×३३ दुर्बिणीत किती विवर्धनावर ७ मिमीचा झोत मिळेल? (उत्तर : सुमारे ४.७)

२. १०० मीटरवर गोळी ९ सेंमी खाली लागते. पाव कलेचे किती टप्पे वर द्यावे लागतील? (उत्तर : सुमारे १२)

३. १०० यार्डांवर पराशयमुक्त केलेली ३२ मिमीची दुर्बीण १५० यार्डांवर वापरल्यास पराशयाची कमाल चूक किती? (उत्तर : ८ मिमी)