सेवा पुरली का, हे घरच्यांना विचारताना

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात कुणाला कॅन्सर निघाला की घरात पहिलं नाव निघतं ते ‘टाटा’चं. भुसावळहून रात्रीची गाडी, पहाटे दादर, तिथून परळच्या टाटा मेमोरियलची ओपीडी, आणि जागा मिळाली तर मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. एका बाजूनं सुमारे साडेचारशे किलोमीटरची ही फेरी किमो आणि रेडिएशनच्या काळात लागेल तितक्या वेळा करायची घरच्यांची तयारी असते. मग एके दिवशी डॉक्टर जवळ बसवून सांगतात, की आजार बरा करणारे उपचार आता उरलेले नाहीत. त्रास कमी ठेवायची औषधं चालू राहतील, पेशंटला घरी न्या. गाडी परत भुसावळला येते. इथून पुढचं सगळं घरातच घडतं, आणि ते करणारी व्यक्ती बहुतेक घरांत बायको, सून किंवा मुलगी असते.

तिच्या वाट्याला काय येतं, ते जवळून पाहायला हवं. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचे कॅन्सर आपल्याकडे भरपूर. गालावरची जखम फुटली की तिचा वास घरभर पसरतो, शेजारीपाजारी यायचे कमी होतात. ती जखम मीठ घालून उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायची, मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या बारीक कुटून ती पूड वर भुरभुरायची, म्हणजे वास आटोक्यात येतो. नाकातल्या नळीतून पेज, डाळीचं पाणी, दूध द्यायचं; देताना डोकं उंच ठेवायचं आणि शेवटी साधं पाणी सोडून नळी स्वच्छ करायची, नाहीतर ती तुंबते. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. मॉर्फिनची गोळी साधारण चार-चार तासांनी, आणि तिच्यासोबत पोट साफ राहायचं औषध न चुकता. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना महिनोन्‌महिने शिकवतात ते काम ही बाई डिस्चार्जच्या दिवशी पंधरा मिनिटांत समजून घेते आणि घरी येऊन करू लागते.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा, तिला यात किती मदत करते? हे मोजायचं कसं, यावर जगभरात गेली तीसहून अधिक वर्षं काम चालू आहे. अखेरच्या आठवड्यांत पेशंट स्वतः उत्तर देण्याच्या स्थितीत बहुधा नसतो, म्हणून घरच्यांना विचारावं लागतं. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ साली केलेल्या व्याख्येत या सेवेचा उद्देश पेशंट आणि त्याचं कुटुंब या दोघांचंही जगणं सुसह्य करणं असा सांगितला आहे. म्हणजे सून ही दुसऱ्याच्या सेवेची साक्षीदार आहेच, आणि त्या सेवेवर तिचा स्वतःचाही हक्क आहे.

या कामात खूप वापरलं गेलेलं एक साधन म्हणजे ‘फॅमकेअर’ नावाची प्रश्नावली. कॅनडातल्या लिंडा क्रिस्टजानसन या नर्सिंगच्या संशोधिकेनं ती तयार केली. तिची पद्धत इथे सांगण्याजोगी आहे. प्रश्न तिनं टेबलावर बसून रचले नाहीत. आधी कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांना विचारलं, की चांगली सेवा तुम्ही कशावरून ओळखता? त्या उत्तरांतून निघालेल्या खुणा तिनं १९८९ मध्ये प्रसिद्ध केल्या, आणि त्यांवर बेतलेली वीस प्रश्नांची मोजपट्टी १९९३ मध्ये. दुखणं किती कमी झालं, नवा त्रास सुरू झाल्यावर उपचार किती लवकर मिळाले, औषधांच्या दुष्परिणामांची कल्पना दिली का, डॉक्टर आणि नर्स घरच्यांना भेटू शकत होते का, निर्णयात घरच्यांना धरलं का, अशी ती वीस कलमं. प्रत्येकाला ‘खूप समाधानी’पासून ‘खूप असमाधानी’पर्यंत पाच पायऱ्या.

एवढे वीस प्रश्न कशाला, ‘सेवा कशी वाटली’ असं एकदाच विचारलं तर चालणार नाही का? चालत नाही, आणि याचा पुरावा इंग्लंडमधून मिळतो. तिथे २०११ ते २०१५ या काळात दरवर्षी, मृत्यूनंतर काही महिन्यांनी, नातेवाइकांना ‘व्हॉइसेस’ नावाच्या सरकारी पाहणीतून विचारलं जाई. २०१५ च्या पाहणीत चौघांतल्या तिघांनी एकूण सेवा चांगली किंवा त्याहून वरची ठरवली. त्याच पाहणीत, घरी असताना पेशंटचं दुखणं पूर्णपणे आणि सतत आटोक्यात होतं असं सांगणारे मात्र पाचांत एकही भरत नव्हते. हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या काळातल्या पेशंटसाठीच्या सेवाकेंद्रात, हेच प्रमाण कितीतरी जास्त होतं. एकाच प्रश्नावर थांबलं असतं, तर सरकारी अहवालात वेदना झाकली गेली असती.

आपल्याकडे हा धोका दुप्पट आहे. भुसावळहून मुंबईपर्यंत धक्के खाल्लेल्या माणसाला कुणी शांतपणे दोन शब्द सांगितले, तरी त्याच्या लेखी ते डॉक्टर देवमाणूस होतात. ‘चांगलं केलं त्यांनी, आमचंच नशीब’ हे उत्तर मनापासून दिलेलं असतं, पण त्यातून सेवेविषयी काहीच कळत नाही. समाधान म्हणजे अपेक्षा आणि अनुभव यांच्यातलं अंतर. अपेक्षाच नसेल तर हे अंतर शून्यावर येतं आणि गुण पैकीच्या पैकी पडतात. सगळी उत्तरं वरच्या टोकाला गर्दी करतात, मग चांगली सेवा आणि बरी सेवा यांच्यातला फरक मोजपट्टीला दिसतच नाही. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेत २०१५ पासून चालू असलेल्या हॉस्पिस पाहणीत मत कमी आणि घडलेलं जास्त विचारतात: मदत हवी होती तेव्हा ती वेळेवर मिळाली का? कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा, की नेहमी? कृतज्ञ माणूससुद्धा या प्रश्नाला खरं उत्तर देऊ शकतो.

मोजपट्टी भरवशाची आहे का, हेही तपासावं लागतं. एकाच गोष्टीशी संबंधित प्रश्नांची उत्तरं एकमेकांना धरून आहेत का, याचा एक आकडा असतो. ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये रूढ केलेला ‘अल्फा’. तो एकच्या जितका जवळ, तितके प्रश्न एका सुरात. ‘फॅमकेअर’चा अल्फा ०.९ च्या वर आला. पुढे २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात समर औन आणि सहकाऱ्यांनी सतरा प्रश्नांची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यात कुटुंबाला मिळालेल्या आधाराचा स्वतंत्र भाग आहे.

महाराष्ट्रातला यासंबंधीचा सर्वांत ठोस अनुभव टाटा मेमोरियलचाच आहे. तिथे पॅलिएटिव्ह केअरचा विभाग १९९६ पासून आहे, आणि डॉक्टर, नर्स, समाजसेवक यांचं पथक मुंबईत घरोघरी जातं. २०१२ या एका वर्षात या गृहसेवेत नोंदवलेल्या ६९० पेशंटचा अभ्यास सुनील ढिलीवाल आणि मेरी अ‍ॅन मकाडन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. ५०६ जणांना प्रत्यक्ष घरी सेवा मिळाली. त्यांचे शारीरिक त्रास कमी झाले, घरच्यांशी होणारं बोलणं सुधारलं, काळजी घेणाऱ्यांचं समाधान वाढलं. या अभ्यासातली एक गोष्ट वरणगावसाठी सोन्यासारखी आहे: पथकाची वेळ संपल्यावर लागणारी मदत ८३.२ टक्के पेशंटना मिळाली, ती गल्लीतल्या, ओळखीच्या फॅमिली डॉक्टरला सोबत जोडून घेतल्यामुळे. रात्री अडीच वाजता धाप लागली तर मुंबईचं पथक खानदेशात पोहोचणार नाही, पण गावातला डॉक्टर पोहोचू शकतो. त्याला आधीच सगळं सांगून ठेवलेलं असलं पाहिजे, एवढंच.

समाधान वाढलं म्हणजे भार हलका झाला, असं मात्र धरून चालता येत नाही. टोरांटोत पेशंटना लवकर पॅलिएटिव्ह केअर देऊन पाहणारी एक मोठी चाचणी झाली. तिच्यात १८२ काळजीवाहकांकडून माहिती घेतली होती, आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आले. सेवेबद्दलचं समाधान स्पष्ट वाढलं, पण काळजी घेणाऱ्यांच्या स्वतःच्या जगण्याच्या दर्जात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणून भाराची मोजपट्टी वेगळी लागते. जगात त्यासाठी झारिट यांची बावीस प्रश्नांची यादी वापरतात. भारतात शैला पै आणि आर. एल. कपूर यांनी १९८१ मध्येच, मनोरुग्णांच्या कुटुंबांसाठी, मुलाखतीचा एक आराखडा तयार केला होता. पैशाची ओढाताण, रोजच्या कामांचा खोळंबा, घरातल्या माणसांचे बिघडलेले संबंध, प्रकृतीवरचा ताण हे सगळं त्यात येतं. कॅन्सरच्या घरांनाही ते जसंच्या तसं लागू पडतं: दुखणं थांबलं म्हणून सून समाधानी असेल, आणि त्याच वेळी केळीच्या बागेतली मजुरी बुडाली म्हणून कर्जात असेल.

पण उत्तर द्यायचं कुणी? खानदेशातल्या घरांत फाइल मुलाच्या हातात असते. टाटाला तो गेलेला असतो, डॉक्टरांशी तो बोललेला असतो, दारात कुणी आलं की पुढे तोच येतो. ड्रेसिंग करणारी आत असते. फॉर्मवर ‘मुख्य काळजीवाहक’ या रकान्यात त्याचं नाव लिहिलं गेलं, तर दर दोन तासांनी कूस बदलणाऱ्या हातांची माहिती कागदावर येतच नाही. आणि तिला विचारलं, तरी सासू-सासऱ्यांसमोर ‘मला झोप मिळत नाही’ असं ती म्हणणार नाही. म्हणून घरातलं कोण काय करतं हे आधी पाहावं, आणि मग तिला बाजूला, स्वयंपाकघरात किंवा अंगणात, एकटीला विचारावं. विचारणारी व्यक्ती सेवा देणाऱ्या पथकातली नसावी. ज्यांच्याकडून उद्या मॉर्फिन घ्यायचंय, त्यांच्या तोंडावर कोण तक्रार करील?

घरच्यांच्या उत्तरांनाही मर्यादा आहेत. नर्स आली की नाही, औषध मिळालं की नाही, याबाबत नातेवाइकांचं सांगणं बहुतांशी पेशंटच्या सांगण्याशी जुळतं. वेदना, भीती, उदासी यांबाबत ते तितकं जुळत नाही. त्यामुळे दुखणं किती आहे हे पेशंटला बोलता येतंय तोवर त्यालाच विचारणं उत्तम.

बाहेरची प्रश्नावली नुसती मराठीत आणूनही भागत नाही. वरणगावच्या घरांत लेवा गणबोली बोलतात, धुळ्याकडे अहिराणी, काही मोहल्ल्यांत उर्दू. प्रश्न वाचून दाखवायचा, मग ऐकणारीला तिच्या शब्दांत तो परत सांगायला लावायचा. तिला काय समजलं ते लगेच कळतं. ‘आजारावर चर्चेसाठी कुटुंबाची बैठक घेतली का’ हा मूळ प्रश्न इथल्या गर्दीच्या ओपीडीत कुणाला लागूच होणार नाही. त्याऐवजी फोन उचलला गेला का, मॉर्फिन आणायला किती लांब जावं लागलं, ते संपलं तेव्हा काय केलं, हे प्रश्न हवेत.

कारण अडचण तिथेच आहे. महाराष्ट्रानं पॅलिएटिव्ह केअरचं धोरण २०१२ मध्ये जाहीर केलं. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांत वृद्धांची आणि उपशामक सेवा आहे. कागद तयार आहेत. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात या सेवेची गरज असलेल्यांपैकी १४ टक्क्यांनाच ती मिळते. समाधानाची पाहणी बहुधा सेवेत नोंद झालेल्यांचीच होते. ज्यांच्या घरी कुणी कधी गेलंच नाही, ते असमाधानींच्या यादीतही नसतात.

जळगाव जिल्ह्यात ही पाहणी उलट्या बाजूनं सुरू करता येईल. गावातल्या प्रत्येक मृत्यूची माहिती आशाताईला असते. गेल्या वर्षभरात कॅन्सरनं, पक्षाघातानं, किडनीच्या आजारानं अंथरुणाला खिळून गेलेल्या माणसांची यादी तिच्याकडून घ्यायची, आणि सेवा मिळालेली व न मिळालेली दोन्ही घरं विचारायची. मोजपट्टी तपासायला दर प्रश्नामागे पाच ते दहा उत्तरं लागतात, असा साधारण हिशेब आहे. वीस प्रश्न म्हणजे शंभर ते दोनशे घरं. जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका प्रबंधात हे काम बसतं, आणि त्यातून निघालेली प्रश्नावली पुढे भुसावळ तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्यवर्धिनीत वापरता येईल.