अहेरी : जंगलाच्या दारातली पेठ

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या चौकातून सिरोंचा, भामरागड आणि आष्टीकडे लांबलांब रस्ते जातात. सगळ्यांत आखूड रस्ता अहेरीचा. प्राणहितेच्या काठावरचं हे गाव एकेकाळी गोंड जमीनदारीचं ठाणं होतं. आत्राम राजघराण्याचा दसरा आजही इथली ओळख आहे. जिल्ह्याचं ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटर दूर, रेल्वेचं वडसा त्याहून लांब. त्यामुळे एटापल्ली-भामरागडच्या माणसाची मोठी खरेदी अहेरी-आलापल्लीतच होते. नदीपलीकडे तेलंगणा. बाजारात भाव मराठीत सांगतात, घासाघीस तेलुगूत होते आणि घरची सल्लामसलत माडियात.

या पेठेचं भांडवल झाडावर असतं. मार्च-एप्रिलमध्ये बायका झाडाखालचा पालापाचोळा झाडून ठेवतात आणि पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचतात. टपोरं, ओलसर फूल अंगणात चार-पाच दिवस वाळलं की मनुकेसारखं आक्रसतं. पण ते ठेवायला कोरडी जागा नाही आणि घरात रोकड हवी असते. मग हाती येईल त्या भावाने मोहा विकायचा आणि पावसाळ्यात तोच चढ्या भावाने विकत आणायचा, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. मोहाची दारूही गाळली जाते, आणि जिल्ह्यात 1993पासून दारूबंदी आहे. मोहफुलं साठवण्या-नेण्यावरचे निर्बंध राज्याने 2021 साली उठवले. लाडू, सरबत, लोणचं करणाऱ्या बचत गटांची वाट तेव्हा मोकळी झाली.

मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम. 70 पानांचा एक पुडा, असे हजार पुडे म्हणजे एक गोणी. हा व्यवहार पूर्वी वनखातं आणि ठेकेदार यांच्यातच असे. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला मालकी दिली, पण लिलावाची जाहिरात कशी काढायची, करारात काय लिहायचं, हिशेब कसा ठेवायचा, हे कायदा शिकवत नाही. ते शिकवलं स्वयंसेवी संस्थांनी. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘वृक्षमित्र’च्या सोबतीने अभ्यास केला, 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011मध्ये स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. 2013मध्ये गोंदिया-गडचिरोलीतल्या 18 ग्रामसभांनी तेंदूपानं स्वतः विकली. त्यांच्या पाठीशी नागपूरची विदर्भ निसर्ग संरक्षण संस्था होती. बायकांच्या बचत गटांची घडी बसवण्यात ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या ‘माविम’चा, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचा, मोठा वाटा आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते. गावाला कुणी उद्योग आणून दिला नाही. होता तोच व्यापार गावाच्या हातात दिला. अहेरीला यापुढे हवं आहे तेही असंच साधं : कोरडं गोदाम, खरा काटा, ओलावा मोजायचं यंत्र आणि हंगामात उचल देणारा गट. प्राणहितेवरच्या वांगेपल्लीजवळच्या पुलामुळे तेलंगणाचा बाजारही आता जवळ आलाय. मोहा गोदामात दोन महिने थांबू शकला, तर भाव ठरवताना वेचणारीलाही बोलता येईल.

आलापल्लीचं ‘वनवैभव’ जंगल पाहायला पर्यटक येतात, उंच सागवानाचे फोटो काढून परततात. तुम्ही आलात तर अहेरीच्या बाजारातही एक चक्कर मारा, आणि मोहाचे लाडू बचत गटाकडूनच घ्या.