आधी तराजू, मग मोटर



ओझरला 1964 साली मिग विमानांचा कारखाना आला, तेव्हापासून नाशिककरांना विमान परके राहिले नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते मात्र आकाशात कोलांट्या घेणाऱ्या, विजेवरच्या छोट्या रेडिओ-विमानाविषयी.

आमच्या युनियनच्या कचेरीत एका कामगाराचा मुलगा जळका वेगनियंत्रक घेऊन आला. बापाच्या ओव्हरटाइमचे पैसे पहिल्याच उड्डाणात धूर होऊन गेले होते. ‘सगळ्यांत जोरदार मोटर घेतली, मग चुकले कुठे?’ असे तो विचारीत होता.

चुकला होता तो क्रम. आधी वजन पाहावे. साध्या कोलांट्यांना दर किलोमागे सुमारे 200 वॅट पुरतात. सरळ वर चढायचे, पंख्यावर अधांतरी लटकायचे, तर 300 वॅट तरी हवेत. समजा, बॅटरीसह विमान 500 ग्रॅमचे आहे. म्हणजे 150 वॅट झाले. तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी सुमारे 11 व्होल्ट देते. 150 ला 11 ने भागा; प्रवाह चौदा अँपिअरच्या आत येतो. मग नियंत्रक 20 अँपिअरचा घ्यावा.

1300 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण जोरात साडेपाच मिनिटे चालेल. पाचवा हिस्सा शिल्लक ठेवून साडेचारच मिनिटे धरावीत. मोठी बॅटरी घेतली की वजन वाढते आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.

आता पंखा. मोटरवरचा ‘केव्ही’ म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे बिनभाराचे फेरे. जास्त केव्हीला लहान पंखा, कमी केव्हीला मोठा. या मुलाने जास्त केव्हीच्या मोटरला 8 इंचांऐवजी 10 इंची पंखा लावला होता. फेरे व पात्याचा पीळ तोच राहिला, तर एवढ्याने शक्तीची मागणी जवळजवळ अडीचपट होते. मोटर फेरे टिकवण्यासाठी प्रवाह ओढीत राहिली आणि नियंत्रक जळाला.

म्हणून उड्डाणापूर्वी विमान घट्ट बांधून, पंख्याच्या रेषेत कोणालाही उभे न ठेवता, वॅटमीटरने प्रवाह मोजावा. ओझरचा विमानतळ आणि देवळालीचे लष्करी क्षेत्र जवळ आहे. तेव्हा परवानगीचा नकाशाही आधी पाहावा.

यंत्रावर लिहिलेला आकडा ही मर्यादा असते, रोजचा भार नव्हे. माणसाच्या बाबतीत हेच पटवण्यात आमचे आयुष्य गेले. त्या मुलाला मात्र ते एका धुरात पटले. आता तो दुकानात जाण्यापूर्वी तराजू काढतो.