निकाहनामा वाचणारी इंटर्न

माझी एक जुनी विद्यार्थिनी मुंबईत वकिली शिकते. महिलांना कायदेशीर मदत देणाऱ्या एका संस्थेत तिला इंटर्नशिप मिळाली. ॲड. फ्लेविया ॲग्नेस यांच्या ‘मजलिस’सारख्या अशा संस्था तिथे आहेत. तिचे अब्बा माझ्याकडे आले. “मॅडम, पोरीने तलाकच्या फायलींत बसायचं का?” म्हटले, महिनाभर बसू द्या.

इंटर्न कोर्टात बोलत नाही. बाईचे ऐकते, तारखा क्रमाने लावते, कागद तपासते. एक भगिनी उर्दूत भरलेला निकाहनामा घेऊन आली. तो वाचणारे तिथे दुसरे कोणी नव्हते. मेहरच्या रकमेपुढे ‘मुअज्जल’ लिहिलेले. आपल्या तोंडी उच्चार एकच, पण ‘ऐन’ने लिहिले तर रक्कम मागताच द्यायची, ‘हम्जा’ने लिहिले तर मुदतीने, नाहीतर तलाक किंवा मृत्यूनंतर. इथे ऐन होता. मराठी अक्षरांत हा फरक दिसलाच नसता!

तलाकशुदा पत्नीच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद पतीने इद्दतीतच करावी, असे सुप्रीम कोर्टाने दानियाल लतीफी प्रकरणात २००१ साली सांगितले. वकिलाच्या फीची चिंताही नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो.

ईदनंतर अब्बांनी दोन्ही सुनांचे निकाहनामे लेकीकडून वाचून घ्यायचे ठरवले. धाकटीची प्रत घरात सापडलीच नाही. काझीसाहेबांच्या दफ्तरात शोध चालू आहे.